हसलेले गोळे

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कोणीतरी निवृत्त माणूस आपल्या नोकरीबद्दल लिहितो. आजवर रेल्वेवाले झाले, बँकवाले झाले, दोन डॉक्टर झाले. यंदा संपादकांचा मला फोन आला. म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्या बॉम्बवर लिहा." त्यांच्या मागे कोणीतरी दचकून "कायच्यावर?" असं विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. मला या प्रश्नाची सवय आहे.

मी बाथ बॉम्ब बनवते. रायपुरात तेलीबांध्याच्या आमच्या घरातली मागची खोली हाच माझा कारखाना, आणि गेली नऊ वर्षं तो चालू आहे. ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. हा एक कोरडा, सुगंधी, हातात मावेल एवढा गोळा असतो. पाण्यात टाकला की फसफसतो, गरगर फिरतो आणि दोन-तीन मिनिटांत विरघळून जातो. मागे पाण्याला रंग, वास आणि थोडं तेल ठेवून जातो. आत काय असतं? खाण्याचा सोडा, त्याच्या निम्मं लिंबूसत, थोडं कॉर्नफ्लोर, थोडं खोबरेल आणि वासाचं अत्तर. म्हणजे सगळं स्वयंपाकघरातलंच. आमची पोट्टी पल्लवी बंगळुरूहून पहिल्यांदा असा एक गोळा घेऊन आली तेव्हा मी डबीच्या मागचं वाचलं आणि मला हसू आलं. मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं सहायक होते. सोड्यावर आम्ल टाकलं की बुडबुडे येतात, हे मी किती पोरींना दाखवलं असेल याचा हिशोब नाही. तेच आता लोक डबीत घालून भेट देतात, याचं मला नवल वाटलं. निवृत्तीनंतर दोन महिन्यांत मी स्वतः गोळे करायला बसले.

आणि पहिले चाळीस गोळे वाया घालवले. कारण हे सगळे जिन्नस एकत्र धरून ठेवतं ते पाणी, आणि पाणीच त्यांचा वैरी. पाणी कमी पडलं तर गोळा साच्यातून निघतानाच भुगा होतो. थोडं जास्त झालं तर परातीतच फसफसायला लागतो, साच्यात फुगतो, आणि वाळताना त्याच्या अंगावर चामखिळी येतात. त्यातून गंमत अशी, की सोडा आणि लिंबूसत एकमेकांना भिडले की त्यातून आणखी पाणी तयार होतं. म्हणजे एक थेंब जास्त पडला तर तो एकटा राहत नाही. म्हणून पाणी कधी ओतायचं नाही. फवाऱ्याने द्यायचं, तेही पोह्यांना हबका मारतो त्याहून कितीतरी कमी, आणि दुसरा हात सतत माल हलवत ठेवायचा.

मग थांबायचं कुठे? ते मूठ सांगते. मूठभर माल घ्यायचा, आवळायचा, मूठ उघडायची. माल बसलेला हवा, त्यावर बोटांच्या खुणा दिसायला हव्यात. अंगठ्याने दाबला तर त्याचे दोन तुकडे व्हावेत, भुगा होऊ नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तळव्याला गारवा लागावा, ओल लागू नये. गारवा आणि ओल यांच्यामधली जी बारीकशी जागा आहे, तिथेच हा सगळा धंदा उभा आहे.

पल्लवी फोनवर म्हणायची, "मम्मी, कितने स्प्रे मारती हो, लिख क्यों नहीं लेती?" तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. मी तिला सांगायची, "काय लिहू? मे महिन्यात फवारा मालापर्यंत पोचायच्या आधीच उडून जाते. श्रावणात फवारा न मारताच माल ओला असते. तुले रोजची हवा लिहून देऊ का?" आणि मग शेवटी म्हणायची, "माझा हात आहे ना." हे वाक्य मी फार वेळा म्हटलं. त्यात गर्व होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

दुलारी माझ्याकडे आली ती वेष्टणं गुंडाळायला. मागच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहते. वयाने चाळिशीची, बोलायला कमी. त्याआधी हिवाळ्यात आम्ही दोघी मिळून गच्चीवर बिजौरीचे सांडगे घालायचो, तेव्हा तिच्या बोटांची सफाई मी पाहिली होती. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी मिळून एक पराक्रम केला, तो सांगायलाच हवा. मे महिना, खोलीची भट्टी झालेली. ऐंशी गोळे वाळत ठेवलेले. आम्ही काय केलं, कूलर त्या खोलीत आणला, खसाच्या जाळ्यांवर पाणी सोडलं, आणि त्या गारव्यात दोघी चटईवर आडव्या झालो. चार वाजता उठलो तर ऐंशीच्या ऐंशी गोळ्यांना देवी आलेल्या. कूलर हवा थंड करतो तो तिला पाणी पाजूनच, हे लॅबमध्ये बावीस वर्षं काढलेल्या बाईला कळायला नको? पण आम्हा नागपूर-वर्ध्याकडच्या लोकांना कूलर हे यंत्र वाटतच नाही, तो घरचाच माणूस वाटतो. त्याच्यावर संशय कोण घेणार.

त्या दिवशी एक गोळा मी हातात घेतला तर तो हातातच उकलून पडला, आणि माझ्या तोंडून निघालं, "हसला." दुलारी बघतच राहिली. मग मी तिला समजावलं. आपला अनारसा कढईत सोडल्यावर जाळी न पडता तुपात विरून पसरतो, तेव्हा आम्ही 'अनारसा हसला' म्हणतो. पीठ ओलं राहिलं की असं होतं. दुलारीकडे अनारशालाच अइरसा म्हणतात आणि तिच्या घरी तो दर सणाला होतो, पण हा शब्द तिला नवा होता. तिला तो इतका आवडला की त्या दिवसापासून आमच्या खोलीत कुठलाच गोळा बिघडला नाही, फुटला नाही, तो फक्त हसला. "काकी, आज तीन ठन हाँस दिस," असं ती दारातूनच सांगायची.

गिऱ्हाइकांचं काय सांगू. रायपुरात टब कोणाच्या घरी आहे? इथे बालटी आणि लोटा. सुरुवातीला एका बाईने मोठा गोळा बालटीत टाकला, तो फेसासकट बाहेर आला, आणि ती दाराशी येऊन म्हणाली, "भाभी, नहाने से पहले तो बाथरूम नहा लिया." मग मी लिंबाएवढे छोटे गोळे सुरू केले, बालटीला एक. सिलतऱ्याच्या कारखान्यात दिवसभर उभं राहणारा एक सुपरवायझर आहे. तो घमेल्यात गरम पाणी घेऊन त्यात गोळा टाकतो आणि पाय सोडून बसतो. म्हणतो, "दीदी, ये मेरे पैरों की छुट्टी है." त्याच्यासाठी मी खोबरेल थोडं जास्त घालते.

आणि कुरियरवाला. खोक्यावर मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'बाथ बॉम्ब, ४८ नग'. काउंटरवरच्या माणसाने ते वाचलं आणि खुर्चीसकट मागे सरकला. मॅनेजर आले. मी कितीही समजावलं तरी 'बॉम्ब' शब्दापुढे कोणाचं डोकं चालेना. शेवटी एका गोळ्याचं वेष्टण सोडलं आणि तो त्यांच्याच टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात टाकला. सगळं ऑफिस भोवती जमलं, गुलाबी फेस टेबलावर आला, मॅनेजर हसले आणि खोकं घेतलं. त्या पेल्यातून नंतर कोणी पाणी प्यायलं नसावं. तेव्हापासून खोक्यावर 'न्हाणगोळे' असं लिहिते.

आता जे सांगायचं आहे ते. दोन वर्षांपूर्वी मंडळाने ठरवलं की नरकचतुर्दशीच्या पहाटे प्रत्येक घरी अभ्यंगस्नानासाठी उटण्याचा गोळा द्यायचा. दोनशे गोळे. रायपुरातली सगळी मराठी घरं त्या एका पहाटे माझा गोळा हातात घेणार होती. मला इतका आनंद झाला की मी दुलारीला सांगून टाकलं, "हे काम माझं. मिसळणं मीच करीन, तू फक्त साचे भर." उटण्याचं काम नाजूक असतं. नागरमोथा, कचोरा, चंदन यांची पूड आधी पाणी पिऊन गप्प बसते. माल कोरडा वाटतो, म्हणून तुम्ही आणखी फवारा मारता, आणि अर्ध्या तासाने सगळंच ओलं निघतं. तिथे मूठ खरी लागते.

पहिला घाण फुगला. मी हवेला दोष दिला, कारण परतीचा पाऊस आदल्या दिवशीच पडला होता. दुसरा घाण फुगला. मी सोड्याला दोष दिला आणि नवीन पाकीट आणवलं. तिसऱ्या घाणाचे गोळे दुसऱ्या दिवशी सकाळी चामखिळींनी भरलेले होते. मी दुलारीकडे वळले.

"हात धुऊन नीट पुसत नाही तू," मी म्हटलं.

"मोर हाथ सुक्खा हे, काकी," ती म्हणाली. मग थोडं थांबून, खाली बघत म्हणाली, "तुंहर माल ओद्दा हे."

ओद्दा म्हणजे ओला. सात वर्षांत माझ्या मालाला कोणी ओला म्हटलं नव्हतं. "मले शिकवून राहिली का तू?" मी म्हटलं. आणि त्यापुढेही दोन वाक्यं बोलले, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. दुलारीने कमरेचा एप्रन सोडला, घडी केली, खुंटीला अडकवायच्या ऐवजी टेबलावर ठेवला आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही.

मी एकटीने काम सुरू ठेवलं, कारण माझं म्हणणं सिद्ध करायचं होतं. चार दिवस मी एकटी मिसळत होते, एकटी साचे भरत होते, खोलीत तिसरा हातच नव्हता. तरी गोळे फुगतच होते. मंडळाच्या दिवसाला दहा दिवस उरले होते आणि माझ्या हातात एकही धड गोळा नव्हता.

डोकं शांत करावं म्हणून मी अनारशाच्या पिठाला हात घातला. तांदूळ तीन दिवस भिजवून, पंच्यावर सावलीत पसरून, ओलसर असतानाच दळून, गूळ घालून ठेवलेले होते. चाळीस वर्षं मी अनारसे करते. सासरी आले तेव्हापासून माझा अनारसा कधी हसला नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पहिला तुपात सोडला. त्याने कडा सोडल्या, मध्ये भोक पडलं, आणि तो कढईभर पसरला. दुसराही तसाच.

आमचे हे चहासाठी स्वयंपाकघरात आले होते. रेल्वेत आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस, स्वयंपाकातलं त्यांना काही कळत नाही. त्यांनी पिठाला बोट लावलं.

"अवो, हे तं ओलं हाय."

"कोरडं आहे," मी म्हटलं. "हात लावून सांगते ना मी."

त्यांनी दोन वाट्या घेतल्या. एकीत डब्यातलं कोरडं कॉर्नफ्लोर घातलं, दुसरीत तेच अनारशाचं पीठ. माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, "डोळे मिट. बोट लाव अन् सांग कोणतं कोणतं."

मी डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं पहिल्या वाटीत घातली, मग दुसऱ्या वाटीत, मग परत पहिल्या. दोन्ही सारख्या होत्या. दोन्ही म्हणजे काहीच नव्हत्या. मी डोळे उघडलेच नाहीत थोडा वेळ. ह्यांनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

साखर माझ्या अंगात बारा वर्षं आहे. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला सांगितलं, आणि म्हणाले, बोटाला बारीक दोरा लावतो, कळलं की हो म्हणा. मी वाट बघत बसले. बराच वेळ झाल्यावर म्हटलं, "सुरू करा ना." ते म्हणाले, "झालं, काकू." बोटांच्या टोकांच्या नसा हळूहळू झोपल्या होत्या. दुखलं असतं तर कळलं असतं. झोपताना त्या काही बोलल्याच नाहीत. आहे तेवढं टिकेल, साखर सांभाळा, गेलेलं परत येईल याचा भरवसा नाही, असं ते म्हणाले. घरी येताना रिक्षात मी माझे हात मांडीवर ठेवून बघत होते. दिसायला तेच हात होते. मला रडू आलं, आणि मी रडले.

संध्याकाळी दुलारीच्या पाऱ्यात गेले. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, खाट टाकली, पाणी आणलं. मी पाण्याला हात लावायच्या आधीच बोलले, कारण नंतर बोलता आलं नसतं.

"तुझे हात कोरडेच होते. माझेच हात खोटं बोलून राहिले होते. मले माहीत नव्हतं."

"मैं जानत रहेंव, काकी," ती म्हणाली.

राखीच्या सुमारापासून तिला कळलं होतं. माझा माल ओला व्हायला लागला होता, आणि मी फोन घ्यायला किंवा दार उघडायला वळले की ती परातीत मूठभर कोरडा सोडा आणि अर्धी मूठ लिंबूसत टाकून, हलवून ठेवायची. म्हणून दोन महिने एकही गोळा हसला नव्हता. मंडळाचं काम मी तिच्या हातातून काढून घेतलं, परातीजवळ तिला येऊ दिलं नाही, तेव्हा माझा माल पहिल्यांदा जसा होता तसा साच्यात गेला.

"सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

"तुमन ला बुरा लागतिस." आणि मग, तांदळातला एक खडा बाजूला टाकत, "अउ मोला घलो."

तिलाही वाईट वाटलं असतं. जिच्यामुळे दोन महिने माझी अब्रू राहिली, तिलाच मी ओल्या हाताची म्हटलं होतं. मी तिची माफी मागितली, चांगली दोन वेळा मागितली, कारण पहिल्या वेळी तिने ऐकून घेतली नाही, चहा ठेवायला आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून परात दुलारीकडे आणि फवारा माझ्याकडे. ती माल हलवायची, मी पाणी द्यायची, आणि ती "बस" म्हणाली की थांबायची. पहिल्या दिवशी मला वाटायचं, अजून एक लागेल. बोटं फवाऱ्यावर आवळायची. पण मी थांबले. उटण्याची पूड पाणी पिऊन गप्प बसते, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. ती मूठ बांधायची, उघडायची, गोळा अंगठ्याने मोडायची, त्याचे दोन स्वच्छ तुकडे पडायचे. मी माल कानाजवळ धरून ऐकायलाही शिकले. नीट बसलेला माल आवळताना बारीक करकरतो, ओला माल आवाजच करत नाही. ही गोष्ट सात वर्षांत मला कळली नव्हती, कारण हाताला कळत होतं तोवर कानाला कोणी विचारलंच नाही.

दोनशे गोळे झाले. अकरा हसले, त्यांची पूड करून पाय बुडवायला ठेवली. नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्ही दोघांनी आमच्या बालटीत एकेक गोळा टाकला. पिवळसर फेस आला, नागरमोथ्याचा वास बाथरूमभर झाला, आणि ह्यांनी आतून विचारलं, "हे थांबते का, का फसफसतच राहते?" सकाळी सातपासून मंडळातल्या बायांचे फोन सुरू झाले. मी प्रत्येकीला सांगितलं, दुलारीच्या हातचे आहेत. दोघी-तिघींनी विचारलं, कोण दुलारी? आता त्यांना माहीत आहे. अभनपूरहून एक नवी बाई शिकायला येते, तिलाही दुलारीच शिकवते, मी वासाचं आणि रंगाचं बघते, आणि लॅबमधली जुनी सवय म्हणून सोडा आणि लिंबूसत का भांडतात ते सांगते. काम पूर्वीपेक्षा जास्त आहे आणि पूर्वीपेक्षा बरं चाललं आहे.

एक गोष्ट मात्र दुलारीने स्वतःहून सुरू केली. रोज पहिल्या घाणाला ती मालाचा एक गोळा माझ्या तळहातावर ठेवते आणि म्हणते, "काकी, आँखी मूंदव." मी डोळे मिटते. सुक्खा का ओद्दा, ते मी सांगायचं. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नाही, हा तिचा इलाज आहे. मी सांगते, आणि ती म्हणते, "हव."

ती रोजच "हव", म्हणजे हो, म्हणते. पण बरोबर असेल तेव्हा तिचं 'हव' तुटक येतं, आणि चुकलं असेल तेव्हा ते जरासं लांबतं. आज सकाळी ते लांबलं. मी डोळे उघडले आणि फवारा खाली ठेवला. माल ओला होता.